सिग्नेचर डॉट एएससी व्हायरस नाहीये भाऊ

आमच्या नागपूरच्या लिनक्सवाल्या ग्रुपात कोणी डिजिटल सही केलेला मेल टाकला की दोघं-तिघं ओरडतातच, "काहून बे, व्हायरस पाठवून राहिला का?" कारण काय, तर मेलला सिग्नेचर डॉट एएससी नावाची फाइल चिकटलेली असते. परवा तर्री पोहे खाता खाता एकाला ती नोटपॅडमध्ये उघडूनच दाखवली, वर 'बिगिन पीजीपी सिग्नेचर', खाली 'एंड', अन् मधात अक्षरं-आकड्यांची खिचडी, बस. साधा मजकूर आहे, चालणारा प्रोग्राम नाही.

पीजीपी म्हणजे अशी सही करणारं सॉफ्टवेअर, १९९१ चं, फिल झिमरमनचं. मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने निघणारा छोटासा ठसा, काढून पाठवणारा आपल्या खासगी डिजिटल किल्लीने सही करतो, आपण त्याच्या सार्वजनिक किल्लीने ती तपासतो, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी जुळत नाही. आणि मेल लपतबिपत नाही हं, किल्ली नसली तरी वाचता येतो, लपवणं म्हणजे एन्क्रिप्शन, ते वेगळं.

वैताग मात्र खोटा नाही. काही जुन्या मेल प्रोग्रामांना ही पद्धत कळतच नसे, मग मेल कोरा दिसायचा अन् मजकूरच अटॅचमेंट होऊन बसायचा, माणूस चिडणारच ना! शिवाय ग्रुपचा सर्व्हर मेलखाली स्वतःच्या दोन ओळी जोडतो, त्यात कधीकधी सही तुटते आणि लाल अक्षरात 'सही अवैध' येतं. लगेच हॅक झालं समजू नका.

हां, फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, दिसलं तर हात लावू नका, ती सही नव्हेच.