क्लोन केला, पण मोठ्या डिस्कची जागा गेली कुठे?

५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क २ टीबीच्या नव्या डिस्कवर क्लोन केली, कॉम्प्युटर नीट सुरूही झाला, तरी सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच दिसतो. यात काही बिघडलेले नाही. क्लोन करताना फायली नव्हे, तर डिस्कवरचे सेक्टर (ठरावीक आकाराचे छोटे कप्पे) जसेच्या तसे उतरवले जातात. पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग, जसा सी ड्राइव्ह) कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही त्यांतल्याच काही सेक्टरांत लिहिलेले असते. त्यामुळे नव्या डिस्कवरही आकडे जुनेच येतात.

क्लोनला हात घालण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत तपासा. स्मार्ट नोंदींतली (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, शून्यावर नसेल तर डिस्क उतरवण्याची लिनक्सची साधी डीडी आज्ञा वापरू नका. पहिल्याच वाचता न आलेल्या सेक्टरला ती थांबते. अशा वेळी डीडीरेस्क्यू ही आज्ञा कामाला येते. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा मागे ठेवते आणि सगळा हिशेब मॅप फाइलमध्ये लिहिते. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते. ही मॅप फाइल मात्र तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. आणि खराब डिस्कवर क्लोनआधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासण्याची आज्ञा) चालवू नका: दुरुस्ती करताना ती डिस्कवर लिहिते, आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढाही ताण नको.

३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून नुसत्या यूएसबी केबलवर ती चालत नाही. स्वतंत्र अडॅप्टर हवा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ५०० जीबीला साधारण दीड तास लागतो. जुन्या यूएसबी २ पोर्टवर हेच काम साडेचार-पाच तास चालते. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे नावावरून न ठरवता सीरियल नंबरवरून ठरवा. दिशा उलटी झाली तर जुना डेटा गेलाच.

क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) एकच असल्याने विंडोज त्यांतली एक ऑफलाइन करते. ती हाताने ऑनलाइन केली की तिची सिग्नेचर बदलते, आणि तीच डिस्क पुढे बूट होईनाशी होऊ शकते.

आता जागा वाढवण्याचे काम. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' बहुतेक वेळा फिकट दिसते, कारण सी ड्राइव्ह आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) बसलेले असते आणि विंडोजला रिकामी जागा अगदी लगत उजवीकडे लागते. जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या मोफत प्रोग्रॅमने ते शेवटाला सरकवा, मग सी वाढवा. त्याआधी विंडोज पूर्ण बंद केलेले असू द्या. फास्ट स्टार्टअपने (विंडोज लवकर सुरू व्हावे म्हणून असलेल्या सोयीने) अर्धवट झोपवलेल्या एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या, पार्टिशनला जीपार्टेड हात लावत नाही. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डेटा कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) असेल तर ते आधीच काढा.

जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) डिस्कमध्ये पार्टिशनच्या तक्त्याची एक प्रत शेवटच्या सेक्टरांत असते. क्लोननंतर ती डिस्कच्या मध्येच कुठेतरी राहते. जीपार्टेड उघडताच त्याबद्दल विचारते, तिथे 'फिक्स' निवडले की प्रत खऱ्या शेवटाला जाते. एमबीआर या जुन्या पद्धतीचे दुखणे निराळे आहे. त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरांसह मर्यादा सुमारे २.२ टीबी. ४ टीबीच्या डिस्कवर त्यापुढची जागा वापरता येणार नाही. डिस्क एमबीआरमधून जीपीटीत बदलावी लागेल आणि बूटही यूईएफआयवर (जुन्या बायॉसच्या जागी आलेल्या प्रणालीवर) न्यावे लागेल.

विंडोज एक्सपीच्या काळातली डिस्क असेल तर पहिले पार्टिशन बहुधा ६३व्या सेक्टरला सुरू होते. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. नव्या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, त्यामुळे ४ केबीचा प्रत्येक क्लस्टर (फायलींना जागा दिली जाते तो गट) दोन सेक्टरांवर पसरतो. असा एक क्लस्टर लिहिताना डिस्कला दोन सेक्टर आधी वाचून, बदलून पुन्हा लिहावे लागतात आणि लिहिण्याचा वेग पडतो. पार्टिशन २०४८व्या सेक्टरवर सरकवले, म्हणजे बरोबर १ एमआयबीवर (१०,४८,५७६ बाइट), की हा त्रास संपतो. जीपार्टेडमध्ये त्यासाठी 'अलाइन टू' पुढे 'एमआयबी' ठेवायचे.