झऱ्यावर रचलेला डोंगर

आपल्या नाशिकला कोळसा नाही, खाली सगळा लाव्हाचा काळा दगड. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा कोळसा वाघिणी भरून बाहेरून येतो, त्यामुळं खाणीतून कोळशाबरोबर जो दगड-माती-गाळ निघतो तो टाकतात कुठं, हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही.

ब्रिटनमधल्या साऊथ वेल्सच्या ॲबरफॅन गावाला मात्र तो टाकाऊ माल डोक्यावर घेऊन जगावं लागलं. १८६९ ला मर्थर व्हेलची खाण खणायला घेतली त्याआधी तिथं शेतकऱ्यांची चार घरं, नंतर गाव वाढलं ते खाणीच्याच जिवावर. दरी अरुंद, खाली नदी, घरं, रेल्वे, मग टाकाऊ माल चढवला गावामागच्या डोंगरावर. असे सात ढिगारे झाले. सातवा १९५८ पासून रचला, तो चक्क झऱ्यांवर, आणि हे झरे नकाशात छापलेले होते बरं का!

आता गंमत बघा, असा ढिगारा उभा राहतो तो कण एकमेकांना घासून अडवतात म्हणून. मधल्या फटींत पाणी भरलं की ते कणांना आतून ढकलतं, पकड सुटते, त्यात कोळसा धुतलेला बारीक गाळ असला तर पाण्याचा निचराही धड होत नाही, आणि मग एका क्षणी अख्खा ढीग दगडासारखा न वागता पातळ खिचडीसारखा वाहायला लागतो. यालाच लिक्विफॅक्शन म्हणतात.

पावसाळ्यात कसारा घाटात रस्त्याकडेच्या भिंतीतल्या पाइपांतून पाणी गळताना दिसतं ना, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, मागच्या मातीत पाण्याचा दाब साचू नये म्हणून. भर पावसात ती कोरडी दिसली तर उलट काळजी करावी.

ॲबरफॅनला अशी काही सोय नव्हती. १९६३ मध्येच स्थानिक कौन्सिलच्या इंजिनिअरनं शाळेमागच्या या गाळाचा धोका लेखी कळवला होता, पण काही हललं नाही, आणि गावाचं पोटही त्याच खाणीवर. २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊ, पोरं नुकतीच वर्गात बसलेली, आणि तो सातवा ढिगारा वाहत खाली शाळेवर आणि घरांवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं.

चौकशीत दोष सरकारी कोळसा मंडळावर आला, शिक्षा मात्र कुणालाच नाही. वर उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले (काय बोलायचं!). ते परत मिळाले १९९७ ला, तेवढेच, बिनव्याजी. तोवर खाण बंद होऊन आठ वर्षं झाली होती.