क्रॅबट्री ते किन्स्टन: सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटचे पहिले वर्ष

१ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या पश्चिमेला, विलोबी रन हा ओढा ओलांडून दक्षिणेच्या बाजूने लढणारी सव्विसावी नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंट समोरच्या रानात शिरली. माणसे होती सुमारे ८००. संध्याकाळपर्यंत त्यातली ५८८ मेली, जखमी झाली किंवा सापडेनाशी झाली. एकाच्या हातून पडलेले निशाण दुसऱ्याने उचलायचे, तो पडला की तिसऱ्याने, असे डझनाहून अधिक वेळा झाले. अमेरिकन यादवी युद्धावर वाचणाऱ्यांना हा प्रसंग ठाऊक असतो. एवढी माणसे पडत असताना रांग मोडली का नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या रानात सापडत नाही. त्यासाठी दोन वर्षे मागे, रॅली शहराजवळच्या क्रॅबट्री छावणीत जावे लागते.

नॉर्थ कॅरोलायना संघराज्यातून फार उशिरा बाहेर पडले. १८६०च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या ९,९२,६२२ होती आणि त्यातली ३,३१,०५९ माणसे गुलाम होती. दक्षिणेची फुटीर, म्हणजे कॉन्फेडरेट, राज्ये ज्या व्यवस्थेसाठी लढायला उठली ती हीच. तरीही या राज्यात, विशेषतः पश्चिमेच्या डोंगराळ जिल्ह्यांत, संघराज्यात राहावे असे म्हणणारे पुष्कळ होते. १५ एप्रिल १८६१ रोजी लिंकनने फुटीर राज्यांविरुद्ध ७५,००० सैनिक मागितले आणि वारे फिरले. २० मे रोजी राज्य फुटले. त्याआधीच, २२ एप्रिलला, फेएटव्हिलचे शस्त्रागार राज्याच्या ताब्यात आले होते. तिथे सुमारे ३७,००० बंदुका मिळाल्या, पण बहुतेक जुन्या बनावटीच्या. पुढच्या अनेक रेजिमेंटांच्या हाती आधी याच पडल्या.

तेव्हाची रेजिमेंट वरून हुकूम काढून उभी राहत नसे, ती गावागावातून वर यायची. जिल्ह्यातला एखादा वकील, डॉक्टर किंवा जमीनदार कंपनी उभारायचा, नावे नोंदवायचा आणि बहुधा तोच कॅप्टन म्हणून निवडून यायचा. अशा दहा कंपन्या एकत्र आल्या की रेजिमेंट. सव्विसावीत पश्चिमेकडच्या अ‍ॅश जिल्ह्यातले ‘जेफ डेव्हिस माउंटेनिअर्स’ होते आणि युनियन जिल्ह्यातले ‘वॉक्सहॉ जॅक्सन गार्ड्‌स’. कॉल्डवेलमधून दोन कंपन्या आल्या, त्यातल्या ‘हिब्रायटन गार्ड्‌स’ने नाव घेतले ते गावाजवळच्या डोंगराचे. चॅटममधूनही दोन. अ‍ॅन्सनवाल्यांनी आपल्या नदीवरून ‘पी डी वाइल्ड कॅट्स’ हे नाव लावले. विल्क्स, वेक आणि मूर जिल्ह्यांची एकेक कंपनी. छावणीत आल्यावर ही नावे मागे पडली आणि ए पासून के पर्यंत अक्षरे लागली. त्यात जे नाही, कारण हस्तलिखित कागदांत आय आणि जे यांची गल्लत व्हायची.

भरती अशी झाल्याचा फायदा उघड होता. रांगेत शेजारी भाऊ, चुलतभाऊ, शेजारच्या शेतावरचा माणूस उभा असायचा, पळून गेले तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नसे. तोटाही तिथेच होता. कॅप्टन आपल्याच मतांवर निवडून आलेला, त्याने सक्ती केली तर पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता यायचे. शिवाय अशी कंपनी एखाद्या दुपारी तोफेपुढे सापडली, तर एकाच खोऱ्यातल्या कितीतरी घरांवर एकदम सुतक यायचे.

२७ ऑगस्ट १८६१च्या सुमारास क्रॅबट्रीला रेजिमेंटची घडण पूर्ण झाली. मुदत बारा महिन्यांची, साध्या शिपायाला महिना ११ डॉलर. अधिकाऱ्यांच्या निवडणुकीत कर्नल म्हणून झेब्युलन व्हॅन्सचे नाव निघाले, तेव्हा तो छावणीत नव्हताच. डोंगरी मतदारसंघाचा हा माजी काँग्रेस सदस्य ३१ वर्षांचा होता आणि दुसऱ्या एका रेजिमेंटमध्ये ‘रफ अँड रेडी गार्ड्‌स’ या कंपनीचा कॅप्टन होता. लिंकनची सैन्याची मागणी येईपर्यंत तो फुटीच्या विरोधात भाषणे देत फिरला होता. बोलायला मिठ्ठास, किस्से सांगण्यात पटाईत, शिपायांत मिसळणारा. कवायतीचे ज्ञान त्याला बेताचेच होते.

लेफ्टनंट कर्नलपदी आला हेन्री किंग बर्ग्विन, वय १९. रोअनोक नदीकाठच्या, शंभराहून अधिक गुलाम बाळगणाऱ्या घरातला मुलगा. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून नुकताच बाहेर पडलेला. तिथे शिकवणाऱ्या थॉमस जॅक्सनने, म्हणजे पुढच्या ‘स्टोनवॉल’ने, त्याला शिफारसपत्र दिले होते. क्रॅबट्रीला तो आधी कवायत मास्तर म्हणूनच आला होता. व्हॅन्स आणि बर्ग्विन यांच्यातला एकच कोणी असता तर ही रेजिमेंट घडली नसती असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाने माणसे धरून ठेवली, दुसऱ्याने त्यांना एकत्र हलायला शिकवले.

कवायतीला इतके महत्त्व का, हे तेव्हाची बंदूक समजल्याशिवाय कळत नाही. ती ठासणीची होती. कागदी काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी घालायची, गज काढून ठासायची, गज जागेवर परत बसवायचा, घोडा अर्धा ओढून केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, चढवायची, मग नेम. पुस्तकात याच्या नऊ पायऱ्या होत्या. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. घाबरलेला नवखा काय करी? केप चढवायला विसरे. बार झालाच नाही हे गदारोळात कळत नसे, म्हणून पहिल्या भरावर दुसरा ठासे. कधी गज नळीतच राहून गोळीबरोबर उडून जाई आणि बंदूक निकामी होई. दमट हवेत दारू सर्द होई ते वेगळेच. साध्या नळीच्या ०.६९ इंची बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे धरवत नसे. तेव्हा एकट्याच्या नेमबाजीला किंमत नव्हती, किंमत होती ती शेकडो नळ्या एका वेळी एका दिशेला रोखण्याला. त्यासाठी माणसे खांद्याला खांदा लावून दोन रांगांत उभी हवीत, आणि दोन रांगांमधले अंतर फक्त १३ इंच. मागच्याची नळी पुढच्याच्या खांद्यावरून जायची. मागचा अर्धे पाऊल चुकला तरी पुढच्याचा कान गेला.

चालण्याचेही तसेच. पाऊल २८ इंचांचे, साध्या चालीत मिनिटाला ९० पावले, जलद चालीत ११०, दुडक्या चालीत ३३ इंची १६५. हे आकडे संचलनाच्या शोभेसाठी नव्हते. रेजिमेंट रस्त्याने लांब ओळीत येते आणि शत्रूसमोर आडवी पसरावी लागते. दहा कंपन्यांनी वेगवेगळ्या अंतरांवरून येऊन एका रेषेत बसायचे, तर प्रत्येकीचा वेग ठाऊक असायलाच हवा. नाहीतर मध्ये खिंडार पडते, किंवा दोन कंपन्या एकमेकींवर चढतात. बर्ग्विनने ही तालीम रोज घेतली, उन्हात, वाळूत, कंटाळा येईपर्यंत. शिपाई त्याचा मनापासून तिरस्कार करीत. पहिल्याच लढाईत याला आपल्यापैकीच कोणीतरी उडवील, अशी भाषा छावणीत चाले.

रेजिमेंट बनली त्याच आठवड्यात, २८ आणि २९ ऑगस्टला, हॅटरसचे किल्ले उत्तरेच्या आरमाराने घेतले. किनारा उघडा पडला म्हणून सव्विसावीला फोर्ट मेकनजवळ बोग बँक्स या वाळूच्या अरुंद बेटावर धाडण्यात आले. तिथे शत्रू फिरकला नाही, रोग मात्र आले. गोवर सर्वांत वाईट. शहरातल्या मुलांना तो लहानपणीच होऊन जाई. दूरच्या डोंगरवाडीत वाढलेल्या वीस वर्षांच्या गड्याच्या अंगावर तो पहिल्यांदाच येई, आणि एका तंबूत आला की सगळी कंपनी आडवी होई. गोवरातून उठलेला अशक्त माणूस ओल्या थंडीत पहाऱ्यावर उभा राहिला की न्यूमोनिया. पिण्याचे पाणी आणि शौचाचे खंदक जवळजवळ असले की विषमज्वर. खंदकावर रोज माती लोटायची असा नियम होता, पण नव्या शिपायांना तो जाच वाटे, आणि अधिकारी मागे लागला नाही तर ते सरळ आडोशाला जात. शिस्तीचा हा भागही बर्ग्विनच्या कवायतीइतकाच मोलाचा होता.

कपड्यांबाबत नॉर्थ कॅरोलायनाने चांगली तजवीज केली. आपल्या सैनिकांना राज्यानेच कपडे द्यायचे आणि कॉन्फेडरेट सरकारने माणशी वर्षाला ५० डॉलर भरून द्यायचे, असा करार झाला. राज्यात सूतगिरण्या होत्या, त्यामुळे ही तजवीज इतर राज्यांपेक्षा बरी टिकली. पायदळाचा राज्यगणवेश म्हणजे मांडीपर्यंत येणारा सैल करडा डगला आणि खांद्यांवर काळ्या कापडाची पट्टी.

मार्च १८६२मध्ये एक वेगळीच कुमक आली. सेलम गावातल्या मोरेव्हियन पंथीयांच्या चर्चमध्ये पितळी वाद्ये वाजवण्याची जुनी परंपरा होती. सॅम्युअल मिकी या वादकाने व्हॅन्सची गाठ घेतली आणि सेलमचा छोटा बँड सव्विसावीला मिळाला. लढाईच्या वेळी हेच वादक जखमींची शुश्रूषा करीत. त्यांच्या हस्तलिखित स्वरलिपीच्या वह्या आजही विन्स्टन-सेलममध्ये जपलेल्या आहेत. यादवी युद्धातल्या बँडचे असे साहित्य क्वचितच टिकले आहे.

पहिली लढाई १४ मार्च १८६२ची, न्यू बर्नची. उत्तरेचा सेनानी बर्नसाइड याच्याकडे अकरा हजारांच्या आसपास सैन्य, कॉन्फेडरेट सेनानी ब्रँचकडे जेमतेम चार हजार. त्यातच ब्रँचच्या फळीची आखणी सदोष होती. न्यूस नदीवरच्या फोर्ट थॉम्पसनपासून ती रेल्वेमार्गापर्यंत सरळ आली होती. मार्गापलीकडची फळी मात्र ओढ्याच्या सोयीने मागे घेतली होती. दोन्ही टोकांमध्ये वीटभट्टीजवळ सुमारे १५० यार्डांचे खिंडार राहिले. तिथे तोफा बसवायच्या होत्या, पण त्या वेळेत चढल्या नाहीत, आणि जागा राखायला ठेवली ती कच्ची, नुकतीच बोलावलेली मिलिशिया, म्हणजे नागरिकांची हंगामी फौज. सव्विसावी रेल्वेच्या उजवीकडे, ओढ्यामागच्या मातीच्या मोर्चांत होती.

व्हायचे तेच झाले. उत्तरेचे सैन्य वीटभट्टीतून आत घुसले, मिलिशिया पळाली, तिच्या पाठोपाठ शेजारची रेजिमेंट हलली आणि डावी बाजू कोसळली. सव्विसावी आपल्या जागी लढत राहिली. मेजर अ‍ॅबनर कारमायकेल इथेच मारला गेला. माघारीची खबर व्हॅन्सपर्यंत पोचली तेव्हा बाकीचे सैन्य निघून गेले होते आणि ट्रेंट नदीवरचा पूल पेटवलेला होता. उरली वाट ब्राइसेस क्रीकची, पाणी उतार न देणारे. होड्या मोजक्या, त्याही लहान. आणखी होड्या मिळवायच्या म्हणून व्हॅन्सने घोडा पाण्यात घातला. घोडा पोहेना, आणि तलवार-बुटांसकट व्हॅन्स स्वतःच बुडता बुडता वाचला. इकडे बर्ग्विनने काठावर रांग लावली. मोजकी माणसे चढवायची, होडी परत आणायची, पुन्हा चढवायची. शत्रू मागे येतो आहे आणि हे काम काही तास चाललेले. सगळे पार झाल्यावर तो शेवटी चढला. मग ट्रेंटनमार्गे किन्स्टनपर्यंत सुमारे ५० मैलांची चाल, चिखलातून, तंबू, ब्लँकेटे, भांडीकुंडी सगळे मागे टाकून.

ज्याला गोळी घालण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, त्याच्याविषयी त्या दिवसानंतर कोणी तसे बोलले नाही. पुरावा मतपेटीत आहे. १६ एप्रिल १८६२च्या सक्तीच्या भरती कायद्याने बारा महिन्यांच्या शिपायांची मुदत एकूण तीन वर्षांची केली, पण अधिकारी नव्याने निवडण्याची सवलत दिली. कॉन्फेडरेट सैन्यात या निवडणुकांनी पुष्कळ नुकसान झाले. कितीतरी रेजिमेंटांनी कडक, जाणत्या अधिकाऱ्यांना पाडून हसतमुख माणसे निवडली. किन्स्टनला सव्विसावीने व्हॅन्सला पुन्हा कर्नल केले, आणि बर्ग्विनलाही त्याच्या जागी ठेवले.

जूनमध्ये रॅन्समच्या ब्रिगेडमधून, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या तुकडीतून, ती कॉन्फेडरेट राजधानी रिचमंडला गेली. १ जुलैला, गेटिसबर्गच्या बरोबर एक वर्ष आधी, मॅल्व्हर्न हिलच्या चढावर संध्याकाळी हल्ल्याचा हुकूम आला. वर ओळीने तोफा, मध्ये उघडा उतार. ब्रिगेड तोफांच्या शंभर यार्डांच्या आसपास पोचली, तिथेच थांबली, आणि तिची सुमारे ५०० माणसे मेली, जखमी झाली किंवा सापडेनाशी झाली. जिंकण्यासारखे तिथे काहीच नव्हते. रेजिमेंट मात्र फुटली नाही.

ऑगस्टमध्ये व्हॅन्स राज्याचा गव्हर्नर म्हणून दुपटीहून अधिक मतांनी निवडून आला आणि कर्नलची जागा रिकामी झाली. बर्ग्विन तेव्हा २० वर्षांचा. पोरसवदा कर्नल आपल्या ब्रिगेडमध्ये नको, अशी रॅन्समची भूमिका होती. रेजिमेंटला मात्र तोच हवा होता. बर्ग्विनला कर्नलपद मिळाले, आणि सव्विसावी रॅन्समची ब्रिगेड सोडून पेटिग्रूच्या ब्रिगेडमध्ये गेली. त्याच्या हाताखाली लेफ्टनंट कर्नल झाला चॅटमचा जॉन लेन, जो क्रॅबट्रीला साधा कॉर्पोरल होता. मेजर झाला कॉल्डवेलच्या कंपनीचा जॉन जोन्स. गेटिसबर्गच्या रानात बर्ग्विन निशाण हाती घेतलेला असताना पडला, त्याच्यानंतर लेनने ते उचलले आणि मानेत गोळी लागून तोही कोसळला. संध्याकाळी उरलेल्यांची हजेरी जोन्सने घेतली.