सॉकेटात बसला म्हणजे चालला असं नाही

माझ्याकडे २०११ चा एक लॅपटॉप आहे, आत इंटेलचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आय३-२३१०एम, आणि घरी येणारा प्रत्येक जण सांगतो की प्रोसेसर बदल, पळायला लागेल. बदलता येतो का? येतो, पण सगळ्यांचा नाही.

आधी प्रोसेसरच्या नावाच्या शेवटची अक्षरं बघायची. इंटेलच्या त्या काळच्या चिपवर एम किंवा क्यूएम असेल तर ती बहुतेक सॉकेटात, म्हणजे चिप काढता-घालता येते अशा खाचेत, बसवलेली असते, स्क्रू अर्धा फिरवला की मोकळी होते. यू असेल तर बोर्डावर सोल्डर केलेली, विषय संपला. चौथ्या पिढीत एमक्यू म्हणजे सॉकेटवाली आणि एचक्यू म्हणजे सोल्डर केलेली, नुसता एका अक्षराचा फरक, आणि इथेच लोक ऑनलाइन चुकीचा माल मागवतात. २०१५ च्या पाचव्या पिढीपासून तर लॅपटॉपसाठी सॉकेटवाली चिप देणंच इंटेलने बंद केलं.

आता खरी गंमत. माझ्या लॅपटॉपचं सॉकेट जी२, ९८८ पिनांचं. त्याच्या आधीच्या जी१ च्या पिनाही ९८८ च, पण एकाची चिप दुसऱ्यात चालत नाही. उलट २०१२ ची तिसरी पिढी जी२ मध्ये आरामात बसते, आणि तरीही माझ्यासारख्या एचएम६५ चिपसेटच्या (बोर्डावरची प्रोसेसरच्या जोडीची चिप) लॅपटॉपमध्ये ती घातली की बहुतेक वेळा पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते. कारण बटण दाबल्यावर सगळ्यात आधी बायोस, म्हणजे बोर्डावरच साठवलेला छोटा प्रोग्राम, चालू होतो, तो समोर कुठली चिप आहे ते विचारतो, आणि त्या चिपला कसं उठवायचं हे त्याच्याकडे लिहिलेलंच नसेल तर तो तिथेच अडतो. लेनोवोच्या थिंकपॅड टी४२० लॅपटॉपवाले काही हौशी लोक मूळ बायोस काढून त्याच्या जागी कोअरबूट नावाचा मोफत प्रोग्राम टाकतात आणि तिसरी पिढी चालवतात, पण तो उद्योग ज्याला जमतो त्यानेच करावा.

मग दुसऱ्याच पिढीतला मोठा घेऊ, आय७-२६७०क्यूएम, चार कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे चार भाग! थांबा. माझा आय३ ३५ वॅटचा, हा ४५ चा, आणि उष्णता बाहेर टाकायला तांब्याची नळी आणि पंखा तोच. चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढवलं की उष्णता २१ टक्के जास्त, आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरज पडली की चिप थोडा वेळ स्वतःच जास्त जोरात पळते तेव्हा, वेग आणि व्होल्टेज दोन्ही चढतात. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की चिप स्वतःच वेग कमी करते, जळत वगैरे नाही, पण मग चार कोअरचे पैसे देऊन हाती काय आलं? ६५ वॅटचा चार्जर असेल तर त्याचाही विचार करा. आणि आय७ नावाला भुलू नका राव, आय७-२६४०एम ला दोनच कोअर आहेत.

त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधायचं. लेनोवो, एचपी वगैरेंची ही मॅन्युअल फुकट डाउनलोड होतात आणि त्यात त्या मॉडेलमध्ये कंपनीने कुठकुठले प्रोसेसर टाकले होते त्याची यादीच असते. त्यातला तुमच्या हीटसिंकला (ती उष्णता बाहेर टाकणारी तांब्याची नळी वगैरे) झेपणारा वरचा बघायचा, बायोस अपडेट जुनी चिप आत असतानाच करून घ्यायचं (नंतर लॅपटॉप चालूच झाला नाही तर करणार कसं?), कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून चिप नुसती ठेवायची, दाबायची नाही, पिना वाकतात. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट नवीनच लावायची.

आणि हे सगळं विंडोज ११ साठी करत असाल तर सोडून द्या, त्याला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, ती या सॉकेटात येणारच नाही.

मी शेवटी जुनाच आय५-२५२०एम घेतला, तोही ३५ वॅटचा, पण टर्बोत ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, माझ्या आय३ ला टर्बोच नव्हता आणि तो २.१ वर अडकलेला. त्याच दिवशी हार्ड डिस्क काढून एसएसडी पण टाकली. लॅपटॉप आता झटकन चालू होतो, आणि ते बरंचसं एसएसडीमुळेच आहे, घरी मात्र मी प्रोसेसरचंच नाव सांगितलंय.