शालेय शोधप्रकल्प

विद्यार्थ्यांनी स्वतःला पडलेला प्रश्न घेऊन निरीक्षण, मोजणी, प्रयोग किंवा विचारपूस यांच्या आधारे त्याचे उत्तर शोधण्याचा शालेय उपक्रम. मराठी शाळांत ‘प्रकल्प’ म्हटले की बहुतेक वेळा वेगळेच चित्र समोर येते: नेमून दिलेल्या विषयावर माहिती उतरवायची, चित्रे कापून चिकटवायची, वहीला खाकी कव्हर घालायचे आणि ठरल्या तारखेला जमा करायची. त्या प्रकल्पाला विषय पुरतो. शोधप्रकल्पाला प्रश्न लागतो. विषय बाई किंवा सर फळ्यावर लिहून देऊ शकतात. प्रश्न मुलाचा असावा लागतो आणि त्याचे उत्तर मिळवणे त्याच्या हातात असावे लागते. असा प्रश्न मुलाला सापडेपर्यंतचा पहिला टप्पा सर्वांत कठीण असतो आणि शाळेच्या वेळापत्रकात त्यालाच जागा नसते. म्हणून या नोंदीत त्याचाच विचार अधिक केला आहे.

पूर्वपीठिका

करून शिकण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विद्यार्थ्याला शोधकाच्या भूमिकेत उभे करणाऱ्या पद्धतीचा पुरस्कार केला. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली. त्यांच्या परंपरेतले विल्यम किलपॅट्रिक यांच्या 1918 मधल्या निबंधामुळे ‘प्रकल्प पद्धती’ हा शब्द जगभर गेला. आपल्याकडे वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली. तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता, संशोधन नव्हते. तरीही सूतकताईतून गणित आणि शेतातून विज्ञान शिकवता येते, हा विचार तिथूनच पुढे आला.

मुलांच्या प्रश्नांना खऱ्या अर्थाने मान मिळाला तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 1972 मध्ये 16 शाळांत तो सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व उच्च प्राथमिक शाळांत (सहावी ते आठवी) गेला, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो चालवला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तिथे विज्ञानाची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होई. ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहून वाटेल ते विचारत आणि त्या पत्रांना उत्तरे जात. पुण्यातल्या कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून याच कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून खेळणी करू लागले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम वाढवले. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. सवालीराम आणि हे पोस्टकार्ड यांत एक साम्य आहे. दोन्हीकडे मुलाला आधी प्रश्न लिहून काढावा लागे, आणि मनातला प्रश्न कागदावर उतरवताना तो निम्मा घासून स्वच्छ होतो.

स्पर्धांच्या रूपात हा उपक्रम महाराष्ट्रात दोन वाटांनी रुजला. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ 1981 पासून सहावी व नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतरच्या टप्प्यात मुलाने केलेला कृतिप्रकल्प आणि मुलाखत असते. दुसरी वाट राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेची. ती 1993 पासून भरते. 10 ते 17 वर्षांची मुले, अगदी शाळेबाहेरचीही, गटाने आपल्या परिसरातला प्रश्न घेतात आणि आपल्या भाषेत मांडतात. जिल्हा आणि राज्य पार करून निवडक गट राष्ट्रीय पातळीवर जातात.

पुढे ‘प्रकल्प’ हा शब्द मूल्यमापनाच्या तक्त्यातही शिरला. 2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा आकारिक (सत्रभर शिकताना होणाऱ्या) मूल्यमापनाच्या आठ साधनांपैकी प्रकल्प हे एक ठरले. हेतू चांगला होता. पण प्रत्येक विषयात, प्रत्येक सत्रात, प्रत्येक मुलाचा रकाना भरायचा म्हटल्यावर साठ मुलांच्या वर्गात जे व्हायचे तेच झाले. स्टेशनरीच्या दुकानांत तयार चित्रांचे कागद विकले जाऊ लागले आणि थर्मोकोलच्या प्रतिकृती घरोघरी रात्री जागून आई-बाबा करू लागले.

विषयाकडून प्रश्नाकडे

सुरुवात कशी होते, हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे. समजा, विषय ‘पाणी’ आहे. एवढ्यावर मुले इंटरनेटवरून जलचक्राचे चित्र उतरवतील. त्याऐवजी शिक्षकाने आठवडाभर काहीच ‘करायला’ न सांगता फक्त पाहायला सांगितले आणि रोज एक ओळ वहीत लिहायला लावली, तर ओळी वेगळ्या येतात. शाळेचा एक नळ बंद करूनही गळतो. व्हरांड्यातल्या माठातले पाणी वर्गातल्या माठापेक्षा गार लागते. पहिल्या पावसात पन्हाळीचे पाणी काळे येते.

आता माठाची ओळ घेऊ. मुलाचा पहिला प्रश्न असतो, ‘माठात पाणी गार का होते?’ प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात आहे: सच्छिद्र मातीतून पाणी पाझरते, त्याचे बाष्पीभवन होते आणि बाष्पीभवनाला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. उत्तर वाचले की प्रकल्प संपतो. ‘का’ने सुरू होणारे बहुतेक प्रश्न असेच पुस्तकाकडे पळतात. शिक्षकाने इथे उत्तर न देता फक्त एवढे विचारावे: हे गार होणे कशाने कमी-जास्त होत असेल? मग प्रश्न ‘किती’ आणि ‘कशाने’ यांवर येतो. वाऱ्यात ठेवला तर? ओले फडके गुंडाळले तर? रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात माठ सोलापूरइतका गार करील का? एखादी मुलगी घरून ऐकून येते, ‘आजी म्हणते, जुना माठ गार करत नाही.’

आजीचे हे वाक्य म्हणजे तयार गृहीतक. ते खोटे ठरू शकते, हीच त्याची गंमत. शिवाय त्यामागे कारण असण्याची शक्यता आहे: पाण्यातले क्षार साचून मातीची छिद्रे बुजतात. सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रश्न पेलतो, कारण लागणाऱ्या वस्तू आवाक्यात असतात: सारख्या मापाचे दोन माठ, एक नवा व एक तीन-चार उन्हाळे वापरलेला, आणि प्रयोगशाळेतला तापमापी. तुलनेसाठी तिसरे भांडे हवे, ज्यातून पाणी पाझरतच नाही. स्टीलची कळशी चालते, पण बाहेरून तैलरंग दिलेला माठ अधिक योग्य, कारण माती तीच राहते आणि फक्त पाझरणे थांबते. इथे मुलांना प्रयोगातले नियंत्रण म्हणजे काय हे व्याख्या पाठ न करता कळते. (पाठ केलेली व्याख्या पुढच्या चाचणीपर्यंत टिकते, रंगवलेला माठ वर्षभर व्हरांड्यात दिसत राहतो.)

प्रश्न पारखताना अनुभवी मार्गदर्शक साधारण पुढच्या गोष्टी पाहतात. उत्तर शोधायला जे मोजावे लागेल ते मुलांना मोजता येते का, आणि वर्गात असलेल्या साधनांनी? सत्र संपायच्या आत काम होईल का? आंब्याच्या कलमाला फळ केव्हा धरते हा प्रश्न कितीही छान असला तरी मूल तोवर शाळा सोडून जाते. आणि उत्तर आधीच कुठे छापलेले तर नाही? मोबाइलवर काही क्षणांत उत्तर मिळणाऱ्या काळात ही शेवटची कसोटी फार उपयोगी ठरली आहे. शाळेच्या गळक्या नळातून रोज किती पाणी जाते, हे कोणत्याही संकेतस्थळावर नाही. पेला आणि घड्याळ घेऊन बसावेच लागते. 200 मिलिलिटरचा पेला 20 मिनिटांत भरला, तर दिवसाला 14.4 लिटर. हा हिशोब पाचवीच्या मुलालाही येतो, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर तो आकडा ठेवला तर प्लंबर येण्याची शक्यता वाढते.

स्वयंपाकघरातही असे प्रश्न भरपूर आहेत. मटकी भिजवून मोड आणताना काही दाणे दगडासारखे राहतात. घरात त्यांना गणंग म्हणतात. त्यांचे टरफल पाणी आत घेत नाही. शंभर दाण्यांत गणंग किती, जुन्या मटकीत जास्त की नव्या, कोमट पाण्यात भिजवल्याने फरक पडतो का? मोजायला काहीच लागत नाही, आणि भाजी वाया जात नाही.

रंगीत तालीम

प्रश्न ठरला की मुलांना लगेच ‘खरा’ प्रयोग करायचा असतो. त्याआधी एक दिवस नुसती तालीम घेणे हा सुरुवातीचाच भाग मानावा. माठाच्या तालमीत काय काय निघते पाहा. तापमापी बाहेर काढून वाचला तर पारा वर सरकतो, म्हणून तो पाण्यातच ठेवून वाचायला हवा. तिन्ही भांड्यांत सुरुवातीचे पाणी एकाच तापमानाचे आणि एकाच मापाचे नव्हते. मधल्या सुट्टीत चौथीतली मुले एका माठातले पाणी पिऊन गेली. दुपारी दोनला ऊन व्हरांड्यात आले आणि नव्या माठावर पडले. हे सगळे वहीत जसे घडले तसे लिहायचे, खोडायचे नाही. स्पर्धांमध्ये परीक्षक अहवालाबरोबर नोंदवहीही पाहतात. एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली नीटनेटकी वही त्यांना पटकन ओळखू येते. पाण्याचे डाग आणि बदललेली तारीख असलेली वही अधिक विश्वासार्ह वाटते.

शिक्षकाने किती सांगावे

या प्रश्नावर शिक्षणतज्ज्ञांत खरा वाद आहे. मार्शल हेरॉन यांनी 1971 मध्ये शालेय प्रयोगांची पातळी ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या: प्रश्न, पद्धत आणि उत्तर यांपैकी मुलाला आधीच काय दिलेले आहे? तिन्ही दिलेली असतील तर ती फक्त पडताळणी. एकही दिलेली नसेल तर खुला शोध. 2006 मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी, नवशिक्यांना कमीत कमी मार्गदर्शन देणाऱ्या पद्धती अपयशी ठरतात, अशी जोरदार टीका केली. पुढच्याच वर्षी मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांचे उत्तर आले: चांगल्या शोधाधारित शिक्षणात मार्गदर्शन कमी नसतेच, ते वेगळ्या रूपात असते.

वर्गातला अनुभव दोघांनाही थोडेथोडे बरोबर ठरवतो. ‘तुम्हाला हवे ते शोधा’ असे सांगून मोकळे होणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात पहिल्या बाकावरची चार मुले काम करतात आणि बाकीची त्यांचे उतरवतात. पहिल्या वर्षी पद्धत शिक्षकाने द्यावी आणि मुलांनी फक्त एक चल, म्हणजे प्रयोगातला एक बदलता घटक, बदलून पाहावे. पुढच्या वर्षी पद्धत मुलांनी सुचवावी. प्रश्नही पूर्णपणे त्यांचाच असणे तिसऱ्या वर्षी जमते. इमारत चढत जाते तशी गवंडी परांची वर हलवतात आणि शेवटी काढून घेतात, तसेच हे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. प्रश्न, पद्धत आणि अपेक्षित निष्कर्ष हे सगळे मार्गदर्शक ठरवतात आणि मुलाच्या वाट्याला पाठांतर येते.

मुलांनी केलेले संशोधन

मुलाच्या साध्या प्रश्नाला किती वजन येऊ शकते, याची दोन उदाहरणे वारंवार दिली जातात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली एमिली रोझा चौथीत असताना तिच्या विज्ञान जत्रेसाठी एका उपचारपद्धतीकडे वळली. त्या पद्धतीचे उपचारक रुग्णाला हात न लावता त्याचे ‘ऊर्जाक्षेत्र’ तळहातांना जाणवते असे सांगत. एमिलीने पुठ्ठ्याचा पडदा केला, त्याला दोन भोके पाडली, उपचारकांना त्यांतून हात बाहेर काढायला सांगितले आणि नाणे उडवून ठरलेल्या एका हातावर आपला हात अधांतरी धरला. कोणत्या हातावर, एवढेच त्यांनी सांगायचे. 21 उपचारकांच्या 280 प्रयत्नांत 123 उत्तरे बरोबर आली, म्हणजे 44 टक्के. डोळे मिटून अंदाज बांधला असता तरी निम्मी बरोबर यायला हवी होती. मोठ्यांच्या मदतीने लिहिलेला हा निबंध 1998 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला, तेव्हा ती 11 वर्षांची होती. तिने ‘ही पद्धत कशी काम करते’ असे विचारले नव्हते. ‘जाणवते म्हणता, तर कोणता हात ते सांगा’, एवढेच विचारले होते.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेचे. 8 ते 10 वर्षांच्या 25 मुलांनी गावातल्या चर्चमध्ये भुंग्यांसारख्या केसाळ मधमाश्यांना (बंबलबी) रंग आणि त्यांची मांडणी ओळखायला शिकवले. त्यांचा निबंध 2010 मध्ये रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात आला. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या आणि संदर्भसूची नव्हती, कारण आधीचे संशोधन मुलांनी वाचलेलेच नव्हते.

मर्यादा आणि दक्षता

जिवंत माणसांविषयीचे प्रश्न मुलांना लवकर सुचतात, आणि तिथे शिक्षकाने थांबवायला हवे. वर्गातल्या मुलांची वजने, घरचे उत्पन्न, जात, आजार यांची सर्वेक्षणे सोपी वाटतात, पण त्यांवरून एखाद्या मुलाला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. विचारपूस करायचीच असेल तर परवानगी घेऊन, नाव न लिहिता आणि नको म्हणणाऱ्याला सोडून. डबक्याच्या पाण्यातले जंतू घरी डब्यात वाढवून पाहण्याची हौसही मोठी असते. कोणते जंतू वाढले हे घरी कळत नाही, म्हणून ते काम प्रयोगशाळा आणि जाणकार असतील तिथेच व्हावे.

वेळेचा प्रश्न यांहून चिवट आहे. 35 मिनिटांच्या तासिकेत तापमापी पेटीतून काढेपर्यंत घंटा होते. ज्या शाळांत हे काम वर्षानुवर्षे टिकले, तिथे ते बहुधा सकाळच्या परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत किंवा शनिवारच्या अर्ध्या दिवशी चालते. नोंदी घ्यायची पाळी ज्याची असेल तो मुलगा त्या दिवशी शाळेत लवकर येतो.