कातरलेल्या कुंपणांची पार्श्वभूमी: रोमपासून नेरूळपर्यंत

वाशी-नेरूळच्या रस्त्यांवर डुरांटाच्या पिवळसर भिंती, सोसायट्यांच्या फाटकाशी फायकसचे एकावर एक गोळे, एखाद्या उद्यानात सळ्यांच्या सांगाड्यावर वेल चढवून केलेला हत्ती, हे आता नवी मुंबईकरांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. झाडाला असा घडीव आकार देण्याची ही रीत मात्र मूळची रोमची.

रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की झाडी कातरण्याची ही कला सम्राट ऑगस्टसचा मित्र गायस मॅटियस याने सुरू केली. पुढे थोरल्याचा भाचा, धाकटा प्लिनी, आपल्या टस्कनीतल्या बागेचं वर्णन एका पत्रात करतो. तिथे बॉक्स नावाच्या सदाहरित झुडपाचे प्राणी कातरलेले होते, अक्षरंही होती. त्या अक्षरांत कधी मालकाचं नाव असे, तर कधी ते घडवणाऱ्या माळ्याचं! या सगळ्या इतिहासात मला हाच तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. नवी मुंबईत उद्यानांची देखभाल बरीचशी ठेकेदारांमार्फत होते. फलकावर उद्घाटकाचं नाव असतं, रोज कात्री चालवणाऱ्याचं नसतं.

सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्रने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी व्हर्सायच्या बागा आखल्या आणि भूमितीसारखी काटेकोर हिरवळ राजवैभवाचं चिन्ह ठरली. इंग्लंडमध्ये लवकरच उलटा वारा वाहू लागला. कवी अलेक्झांडर पोपने 1713 मध्ये अशा झाडांची थट्टा करणारा निबंध लिहिला. त्यातला झाड कातरून केलेला आदम वादळात मोडलेला आहे आणि ईव्ह मात्र टवटवीत. नैसर्गिक वळणाच्या बागांची आवड वाढली, तशा अनेक जुन्या आखीव बागा मोडल्या गेल्या. व्हिक्टोरियन काळात ही कला तिथे पुन्हा रुजली.

आपल्याकडे ती इंग्रजांच्या बागांमधून आली. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमधले झुडपांचे प्राणी मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले आहेत. दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या बागेत तर बकुळीलाच छत्रीसारखा गोल आकार दिलेला आहे. ओंजळभर फुलांसाठी ज्या झाडाखाली आपण वाकतो, ते असं शिस्तीत उभं पाहणं मराठी माणसाला जरा चमत्कारिकच वाटतं.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. भातशेती, मिठागरं आणि 95 गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. रुंद रस्ते, दुभाजक, सेक्टरवार उद्यानं, अशा आखणीत कातरलेलं कुंपण सहज बसतं. जागा कमी लागते, समोरची वाहतूक झाकली जात नाही, आणि शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटून झुडूप दाट होतं. जाणता माळी कुंपण खाली किंचित रुंद आणि वर अरुंद ठेवतो, म्हणजे उन्हाअभावी तळाची पानं गळत नाहीत.

अडचण आहे ती हवेची. युरोपातलं बॉक्स किंवा यू नावाचं सदाहरित झाड फार सावकाश वाढतं. वर्षाकाठी एक-दोन छाटण्यांत भागतं. कोकणच्या पावसात डुरांटा पंधरवड्यात आकार सोडतो. शिवाय त्याची निळी फुलं कोवळ्या फांद्यांच्या टोकांशी येतात, म्हणजे प्रत्येक छाटणीत नेमकी तीच जातात. फुलपाखरांना त्या लांबलचक हिरव्या भिंतीवर काहीच उरत नाही.

डुरांटा मूळचा अमेरिका खंडातला. कोयनेल मात्र आपल्या किनाऱ्यांवरची. खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला ती आपोआप वाढते. खारी जमीन तिला चालते, कात्रीही सोसते, आणि पानं कडू असल्याने गुरं तोंड लावत नाहीत. महाराष्ट्रात कुंपणाला ती जुन्या काळापासून लावतात. नव्या दुभाजकांवर तिला पहिली जागा मिळायला हवी, आणि पावसाळा संपल्यावर निदान एका बाजूची छाटणी थांबवावी, म्हणजे लांब जांभळट केसरांची तिची पांढरी फुलं येतील.