लाइट प्रोग्राम : ब्रिटिश नभोवाणीचा एक दिवस

बीबीसीची करमणूकप्रधान नभोवाणी सेवा. युरोपातील युद्ध संपून तीन महिने होत नाहीत तोच, २९ जुलै १९४५ रोजी ती सुरू झाली. सप्टेंबर १९६७ च्या अखेरीस तिची जागा रेडिओ वन व रेडिओ टू यांनी घेतली. बातम्या, भाषणे व नाटके यांसाठी होम सर्व्हिस होती, तर अभिजात संगीत आणि विद्वत्चर्चेसाठी १९४६ पासून संध्याकाळी थर्ड प्रोग्राम लागे. श्रोता हळूहळू लाइटकडून थर्डकडे चढत जाईल, अशी महासंचालक विल्यम हेली यांची कल्पना होती. श्रोते बहुतांशी पहिल्याच पायरीवर खुशाल बसून राहिले.

१९५२ च्या सुमाराचा आठवड्यातला कोणताही कामाचा दिवस घेतला, तर वेळापत्रक चक्क घरातल्या कामांवर बेतलेले दिसते. सकाळी नऊला प्रक्षेपण सुरू होई, म्हणजे नवरा कामावर आणि मुले शाळेत गेल्यावर. पाठोपाठ ‘हाउसवाइव्ज चॉइस’ ही फर्माइशी गाण्यांची मालिका लागे. साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. कारखान्यांतील उत्पादन वाढावे म्हणून ही मालिका जून १९४० मध्ये युद्धकाळात सुरू झाली होती. अर्धा तास सलग संगीत, निवेदन जवळजवळ नाही, आणि चाल अशी की यंत्रांच्या खडखडाटातही ऐकू यावी. वादकांना नियम घालून दिलेले असत. ड्रमच्या कडेवर काठीचा फटका मारायचा नाही, कारण तो बंदुकीच्या बारासारखा वाटे. श्रोत्याने मध्येच टाळ्या वाजवाव्यात अशा एका लोकप्रिय अमेरिकी गाण्यावर तर बंदीच आली. कामगारांचे हात यंत्रावरून सुटले तर काय, ही धास्ती. ध्वनिमुद्रिका किती वाजवायच्या यावर कराराने मर्यादा असल्यामुळे बरेचसे संगीत प्रत्यक्ष वाद्यवृंदांकडूनच वाजवून घ्यावे लागे. वादकांची रोजीरोटी त्यामुळे चालली, हे मान्य करायला हवे.

दुपारी पावणेदोनला पाच वर्षांखालील मुलांसाठी पंधरा मिनिटांचे ‘लिसन विथ मदर’. “नीट बसलात ना? मग मी सुरू करते,” या अर्थाचे त्यातले वाक्य पुढे इंग्रजीत म्हणीसारखे रुळले. लगेच दोन वाजता ‘वुमन्स अवर’. ऑक्टोबर १९४६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा बायकांच्या या कार्यक्रमाचा सूत्रधार एक पुरुष होता! शिधावाटप १९५४ पर्यंत चालू राहिल्याने मोजक्या जिनसांत काय रांधावे, हा तिथला नेहमीचा विषय. चारच्या सुमारास ‘मिसेस डेल्स डायरी’ ही डॉक्टरच्या बायकोच्या रोजनिशीच्या रूपातली श्रुतिका लागे. चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकता येई.

संध्याकाळी पावणेसातची वेळ सर्वांत मोक्याची. १९४६ ते १९५१ या काळात ती डिक बार्टन या काल्पनिक गुप्तहेराच्या मालिकेची होती. ऐन भरात त्याचे श्रोते दीड कोटीपर्यंत गेले. त्याच्या जागी शेतकरी कुटुंबाची ‘द आर्चर्स’ आली. शेतकऱ्यांनी धान्योत्पादन वाढवावे हा तिचा मूळ हेतू, त्यामुळे संवादांत खते आणि गुरांचे रोगही डोकावत.

ही सेवा १५०० मीटर दीर्घलहरीवर असल्याने भर समुद्रातील बोटींनाही ती पकडता येई. जहाजांसाठीचे हवामानवृत्त म्हणूनच तिच्यावर वाचले जाई. ग्रिनिच वेधशाळेच्या सहा ‘पिप्स’वर, म्हणजे नेमकी वेळ सांगणाऱ्या ठोक्यांवर, घराघरांतली घड्याळे लावली जात. तेव्हा हे सहाही ठोके सारखेच आखूड होते, शेवटचा लांबवण्याची प्रथा पुढची. नुसत्या रेडिओच्या परवान्याला १९४६ पासून वर्षाला एक पौंड पडे. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत आणखी एक खटाटोप असे: रेडिओ चालवणारा आम्लाने भरलेला काचेचा संचायक (बॅटरी) उचलून सायकलच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये भारित करायला न्यायचा. तो मध्येच उतरला की मालिकेचा भागही बुडाला.

राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या १९५३ च्या राज्याभिषेकाला दूरचित्रवाणीचे प्रेक्षक रेडिओच्या श्रोत्यांपेक्षा जास्त भरले. २२ सप्टेंबर १९५५ रोजी व्यापारी वाहिनी आयटीव्ही सुरू झाली. त्याच संध्याकाळी ‘द आर्चर्स’मध्ये नवपरिणीत ग्रेस आगीत घोडा वाचवायला गेली आणि मरण पावली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत नव्या वाहिनीच्या बरोबरीने ग्रेसचाच गाजावाजा होता.